नखभर वर

९ फेब्रुवारी

नवीन मालकांनी आज सगळ्यांना एकेक डायरी वाटली. जाड पुठ्ठा, आत खुणेला रेशमी दोरा, वर त्यांचं चिन्ह. मी या मोटारींच्या कारखान्यात लागले त्याला अठरा वर्षं झाली आणि तेवढ्यात फाटकावरची पाटी बदलायची ही तिसरी वेळ. पहिल्या बदलाला छत्र्या मिळाल्या होत्या, दुसऱ्याला भिंतीवरची घड्याळं. हे म्हणाले, "या हिशोबाने पुढच्या खेपेला आख्खी मोटार मिळेल." ह्यांना शाळेच्या बसवर दिवसभर पोरांशी डोकं लावून अशी उत्तरं आयती सुचतात.

मोठ्या साहेबांनी भाषण केलं. "आपण आता एका मोठ्या कुटुंबात आलो आहोत." माझा दादा माझ्या मागेच उभा होता. सख्खा भाऊ, युनियनचा सेक्रेटरी, त्यामुळे कुठल्याही भाषणात गप्प बसणं त्याला जमत नाही. तो म्हणाला, "मोठ्या कुटुंबात धाकट्या सुनेचं काय होतं तेही सांगा की." सगळे हसले. साहेबही हसले, जरा उशिरा.

वही फुकट आहे, तेव्हा लिहीन म्हणते.

१३ फेब्रुवारी

आता नीट कळलं. नव्या मालकांकडे चार नावांच्या गाड्या आहेत, आमची धरून. आतला सांगाडा चौघींचाही एकच होणार, फक्त पुढची जाळी आणि नाव वेगळं. एक साडी आणि चार पदर, दुसरं काय. ही नवी गाडी दोन ठिकाणी बनवणं परवडत नाही म्हणे. एक आमचा कारखाना आणि एक त्यांचा जुना, इथून आगगाडीने पाच तासांवर. दोघांनी एप्रिलपर्यंत साठ-साठ गाड्या बनवून दाखवायच्या. ज्यांच्यात दोष कमी, त्यांना गाडी. हरणाऱ्याचं काय, असं दादाने बैठकीत विचारलं. साहेब म्हणाले, "सुट्या भागांचं गोदाम होऊ शकतं." गोदामाला माणसं लागतात चाळीस. आम्ही आहोत अकराशे.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिसऱ्यांदा हात धुतेय. ह्यांनी ते माझ्याआधी हेरलं होतं.

पण मला एका गोष्टीची खात्री आहे. सांगाडा आमचा घेतलाय, आणि या सांगाड्यात अवघड काय असेल तर दारं. दार विभाग माझा. चौपन्न माणसं, मी प्रमुख, आणि माझ्याखालोखाल लंबू. दारांच्या बाबतीत आमचा हात धरणारा कोणी असेल तर त्याने समोर यावं.

२० फेब्रुवारी

तिकडच्या कारखान्यातून एक इंजिनियर आलाय, इथली कामाची पद्धत टिपून घ्यायला. पस्तिशीचा असेल. मऊ बोलतो, 'ताई, तुम्ही' केल्याशिवाय वाक्य नाही. ऐकेल ते वहीत उतरवतो. दुपारपर्यंत विभागाने त्याचं नाव टिपकागद ठेवलं.

दादाने सगळ्यांना बजावलंय: पाहुण्यांनी दिलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. मी म्हटलं, मी पेनच बरोबर आणत नाही.

२७ फेब्रुवारी

टिपकागद रोज लंबूला चहाला नेतो. लंबू! जो दिवसात अकरा शब्द बोलतो आणि त्यातले चार 'हो ताई' असतात. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं बसतात, टिपकागद बोलतो आणि लंबू कपात बघतो. प्रमुख मी, आणि हा विचारतो लंबूला. गावात पाटील असताना वेशीवरच्याला पत्ता विचारावा तसं झालं.

मी लंबूला म्हटलं, "काय रे, काय एवढं चालतं?"

"काही नाही ताई. तो विचारतो."

"आणि तू?"

"मी चहा पितो."

याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

४ मार्च

आज गंमत कळली. तिकडच्या साठांपैकी पहिल्या वीस गाड्या झाल्या आणि त्यांची दारं उतरतायत! आठ दिवसांत मागचं टोक खाली येतं, लावताना खालच्या पट्टीला घासतं, वेगात वाऱ्याची शिट्टी वाजते. आमचेच नकाशे, आमचीच मापं, तरी उतरतायत. टिपकागदानेच सांगितलं, खाली मान घालून.

मला हसू आवरेना. उतरणारच. नकाशात लिहिलंय की दार सरळ रेषेत बसवा. पण बसवताना दार रिकामं असतं. पुढे त्यात काच पडते, काच वरखाली करणारी मोटर, स्पीकर, आतलं कव्हर. एवढं वजन आल्यावर बिजागरीच्या समोरचं टोक खाली येणार नाही तर काय करणार? म्हणून आम्ही मागचं टोक आधीच नखभर वर बसवतो. खाली लाकडी गुटका देतो, खालच्या बिजागरीचे बोल्ट आधी आवळतो, वरचे मागून. चालकाच्या बाजूला पूर्ण नखभर, दुसऱ्या बाजूला अर्धं. वजन आलं की दार आपसूक रेषेत येऊन बसतं. शेवटी दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सैल निघाली तर दार नापास.

हे नकाशात का नाही, तर आमचे जुने उस्ताद होते, त्यांनी बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीचा अर्ज दिला होता. त्याच आठवड्यात कंपनी विकली गेली. अर्ज दोन मालकांच्या मधल्या फटीत कुठेतरी पडला. उस्ताद म्हणाले, मरू दे, हातांना माहीत आहे तेवढं पुरे. तेव्हापासून ते हातांनाच माहीत आहे, म्हणजे मला, लंबूला आणि आम्ही शिकवलेल्यांना.

६ मार्च

टिपकागद आज शेवटी माझ्याकडे आला. दोन आठवडे लंबूची दाढी कुरवाळून झाल्यावर! विभागाच्या टोकाला, कॉम्प्रेसरच्या आवाजात, अगदी जवळ येऊन म्हणाला, "ताई, तुमची दारं का उतरत नाहीत हे तुम्हाला विचारायचं, असं मला वरून सांगितलंय. म्हणून विचारतोय."

मी म्हटलं, "विचारा की."

"विचारलं. आता तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणालात, तर मी 'त्यांना माहीत नाही' असंच लिहीन. उद्या माझा इथला शेवटचा दिवस आहे."

मला इतका राग आला! मला माहीत नाही? मला? अठरा वर्षांत या हातांखालून किती दारं गेली त्याची मोजदाद नाही, आणि हा पोरगा माझ्या तोंडावर म्हणतो की त्यांना माहीत नाही असं लिहितो. मी म्हटलं, "उद्या सकाळी आठला या. वही मोठी आणा."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "ताई, घाई नाही. आज रात्री विचार करा. घरी बोला."

यात घरी काय बोलायचं? तरी ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "अगं, तुला त्याने विचारलं म्हणून सगळं ओकलंच पाहिजे का?"

"आमच्या कामात लपवाछपवी नाही," मी म्हटलं. "आणि साहेबांना कळू दे की दारं कोणाला येतात. उद्या निवड करायची वेळ आली तर ते काय, येणाऱ्याला सोडून न येणाऱ्याला घेतील?"

हे पुन्हा जेवायला लागलेच नाहीत.

७ मार्च

दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पायरी न गाळता. गुटका कुठे ठेवायचा, किती ठोकायचा, बोल्ट कोणत्या क्रमाने. त्याने माझ्या हातांचे फोटो घेतले, हातमोजे घातलेले. सात पानं भरली. मी शिकवताना चांगली शिकवते, हे मी स्वतःच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणत नाही.

लंबूने मात्र आज वात आणला. मध्येच येऊन, "ताई, बोल्ट संपलेत, जरा बघायला येता?" गेले, तर पेटी भरलेली. परत येऊन सुरू केलं तर, "ताई, तुमचा फोन वाजतोय." फोन माझ्या खिशात, मुका. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुला मान मिळाला नाही म्हणून पोटात दुखतंय का?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळून गेला. एवढा शांत माणूस, पण मत्सर कोणाला सुटलाय!

टिपकागद म्हणाला, "हे आता मला लिहावंच लागेल." मी म्हटलं, "लिहा, खाली माझं नावही घाला." निघताना त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "ताई, माफ करा." दोन आठवडे चुकीच्या माणसाला विचारत बसला त्याबद्दल असेल. मी मोठ्या मनाने माफ केलं.

२ एप्रिल

आमच्या साठ गाड्या पूर्ण! साठांत तीन दोष, आणि तिन्ही रंगाचे. दारांचा एकही नाही. दादाने मला पाठीत धपाटा घातला. "ठके, वाचवलंस बघ सगळ्यांना." त्याने मला ठकी म्हटलं की मी आठ वर्षांची होते. चौपन्न जणांना पेढे नाहीत तर निदान बिस्किटं तरी, म्हणून मी डबा भरून नेली. लंबूने एक घेतलं आणि खिशात ठेवलं.

२८ एप्रिल

हरलो.

साहेबांनी सूचनाफलकावर एक पान लावलं आणि स्वतः बाहेर आले नाहीत. आमचे दोष तीन. तिकडचे दोन. त्यांच्या शेवटच्या चाळीस गाड्यांत दाराचा एकही दोष नाही, आणि पहिल्या विसांची दारं त्यांनी काढून पुन्हा बसवली. त्यांचा कारखाना मोठा, बंदर जवळ. गाडी तिकडे. आमचं गोदाम, ऑगस्टपासून.

त्या पानाशेजारी, चारही नावांच्या कारखान्यांसाठी निघालेला दारांचा नवा सूचना-तक्ता लावला होता, प्लॅस्टिकमध्ये मढवून. लाकडी गुटका. खालचे बोल्ट आधी. चालकाकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धं. कागदाची पट्टी. आणि हातमोजे घातलेल्या दोन हातांचे सहा फोटो. माझं नाव कुठेच नव्हतं.

मी ते वरून खाली दोनदा वाचलं. कुठेही चूक नव्हती. मग मी बोल्टांच्या पेटीवर बसले.

हा सगळा वेळ टिपकागद मला 'नाही म्हणा' म्हणत होता. घरी बोला म्हणाला. रात्रभर विचार करा म्हणाला. ह्यांना एका घासात कळलं. लंबूला कळलं. मला कळलं नाही. शर्यत होती हे मला माहीत होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच माहीत होतं. फक्त कोणाचंही दार उतरतंय हे मला बघवत नव्हतं, आणि ते मला येतं हे कोणीतरी बघावं असं वाटत होतं. यातलं काय जास्त होतं, ते मला आज सांगता येत नाही.

३० एप्रिल

"घरचा भेदी," असं कोणीतरी खडूने तक्त्याखाली लिहिलं. विभागात सगळ्यांना माहीत आहे की हे बाहेर जायचं तर आमच्यातूनच गेलं. आणि दोन आठवडे टिपकागदाबरोबर चहा कोण पीत होतं हे आख्ख्या कँटीनने पाहिलंय. सात तारखेला मी ओरडले ते सगळ्यांनी ऐकलं, पण काय दाखवत होते ते बघायला कोणी थांबलं नव्हतं. नेहमीचीच तपासणी चाललीय असं सगळे धरून चालले. फोटोतले हात मोठे दिसतात, हातमोज्यांमुळे.

दुपारी लंबू डबा घेऊन बसला तेव्हा टेबलावरचे बाकीचे सहाही जण उठले.

मी उठले नाही. पण बोललेही नाही.

३ मे

लंबूच्या कपाटाला कोणीतरी ग्रीस फासलं. आत त्याचे घरी जायचे कपडे होते. तो कामाच्याच कपड्यांत घरी गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि चोर इथे बसून लिहितोय.

स्वतःला काय काय सांगून झालं. बोलले तरी गाडी परत येणार नाही. दादाची मान खाली जाईल. चौपन्न माणसांना शेवटचे तीन महिने तरी धड काढू देत. सगळं खरं आहे, आणि एकही कारण खरं नाही. मी घाबरलेय. अठरा वर्षं 'ताई' म्हणणाऱ्या तोंडांतून दुसरं काही ऐकायची मला भीती वाटते.

५ मे

दादा घरी आला होता. आठ तारखेला फाटकावर सभा आहे, मालकांशी भरपाईच्या पैशांची बोलणी करायच्या आधी सगळे एक हवेत. "पण त्या लंब्याला युनियनमधून काढल्याशिवाय लोक ऐकणार नाहीत," म्हणाला. "ठराव मीच मांडतो."

युनियनमधून काढलं की बोलण्यांत जे काही ठरेल ते त्याला लागू नाही. त्याची बायको आजारी, मुलगी शिकतेय. हे सगळं दादालाही ठाऊक आहे.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दादा, चहा घेणार का?" मी एवढंच म्हटलं.

तो गेल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "तू सांगतेस की मी सांगू?"

८ मे

सांगितलं.

दादा ट्रकच्या पाठीवर उभा होता, हातात कर्णा. त्याने ठराव वाचायला घेतला. लंबू एका बाजूला, त्याच्याभोवती दोन हात रिकामी जागा. मी पुढे गेले आणि म्हटलं, "थांब दादा." त्याला वाटलं मला दुजोरा द्यायचाय. त्याने मला हात देऊन वर घेतलं आणि कर्णा माझ्या हातात दिला.

मी काय तयारी केली होती ते सगळं गेलं. "ते हात माझे आहेत," एवढंच आलं. मग म्हटलं, "सात मार्चला मी दाखवलं. लंबूने मला तीनदा थांबवलं आणि मी त्याच्यावर ओरडले. पैसे घेतले नाहीत. कोणी जबरदस्ती केली नाही. मला येतं म्हणून दाखवलं."

अकराशे माणसं गप्प झाली की किती गप्प होतात हे मला माहीत नव्हतं. मागून एक जण ओरडला, "मग आता तिकडेच जा की नोकरीला!" मग आणखी बरंच ओरडले. दादाने माझ्या हातातून कर्णा घेतला. मला वाटलं तो काही बोलेल. त्याने हातातला कागद फाडला, खाली उतरला आणि माझ्याकडे न बघता गर्दीतून निघून गेला. मला उतरायला कोणी हात दिला नाही. ट्रक बराच उंच होता. शेवटी बसून, सरकत उतरले.

९ मे

सुट्टी होती. सकाळी लंबूच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं. आत या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून माफी मागितली. नीट मागितली, रडले नाही, कारण रडले असते तर त्यालाच मला समजवावं लागलं असतं.

तो म्हणाला, "ताई, चहाच्या वेळी तो मला तेच विचारायचा. दारं का उतरत नाहीत. रोज."

"मग तू काय सांगायचास?"

"माहीत नाही म्हणायचो."

दोन आठवडे. रोज. दारांतलं माझ्याइतकंच कळणारा माणूस, एका परक्या पोरासमोर बसून रोज म्हणत होता की मला येत नाही. आणि मी शेजारच्या टेबलावरून बघत होते आणि जळत होते की त्याला मान मिळतोय.

मी विचारलं, "तक्ता लागल्यावर माझं नाव का नाही घेतलंस? कपाटाला ग्रीस फासलं तेव्हा तरी?"

"तुमचं नाव घेऊन गाडी परत येणार होती का?"

"पण ते तुला काढणार होते."

आतून त्याच्या बायकोने कोण आहे म्हणून विचारलं. त्याने मागे वळून सांगितलं, "कामावरच्या ताई आहेत." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "मी वाट बघत होतो. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. अठ्ठावीस तारखेपासून बघत होतो."

दहा दिवस. मी मनात मोजले. मग मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने दार लावलं, आपटलं नाही. मी जिना उतरून रस्त्यावर आले. बसथांब्यावर आमच्या विभागातले दोघं उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते तिथून हलले नाहीत, आणि बोललेही नाहीत.